पासपोर्ट आणि पोलीस क्लिअरन्स : कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न, आणि फाइल नेमकी कुठं अडकते

व्हिसाची तारीख जवळ आली, मुलाचं परदेशातल्या कॉलेजचं पत्र आलं किंवा आखातातल्या कंपनीनं कागद मागितले, की पासपोर्टची आठवण होते आणि मग रोज एकच विचारणा सुरू होते : अजून का आला नाही? उशीर पासपोर्ट ऑफिसातच होतो असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात बरेचदा तो अर्जदाराच्या घरातल्या कागदांपासून सुरू झालेला असतो.

अर्ज केल्यापासून पासपोर्ट हातात पडेपर्यंत किती दिवस धरावेत?

साध्या अर्जाला ३० ते ४५ दिवस, असं पासपोर्ट सेवा सांगते. पोलिसांनी अर्जदाराच्या पडताळणीचा अहवाल २१ दिवसांत द्यावा अशी अपेक्षा असते. अहवाल मुदतीत आला तर केंद्र सरकारकडून राज्याला प्रत्येक प्रकरणामागे जास्त रक्कम मिळते, उशिरा आला तर कमी. म्हणजे फाइल लवकर निघावी हे पोलीस खात्यालाही हवंच असतं.

काही जुन्या पासपोर्टधारकांच्या नूतनीकरणात पडताळणी लागतच नाही. तिथं काम आठवडाभरातही होतं. पण ते पासपोर्ट ऑफिस ठरवतं, आपल्याला मागून मिळत नाही. शेजाऱ्याला आठ दिवसांत मिळाला म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरून विमानाचं तिकीट काढू नये.

हे दिवस कधीपासून मोजायचे?

पासपोर्ट सेवा केंद्रावर कागद तपासून, फोटो आणि बोटांचे ठसे देऊन बाहेर पडलात त्या दिवसापासून. ऑनलाइन अर्ज भरला, पैसे भरले, तो दिवस धरायचा नाही. अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळाली तर ते तीन आठवडे वेगळे. एप्रिल-मेच्या सुट्टीत आणि दहावी-बारावीच्या निकालानंतर तारखा लवकर संपतात. ज्यांना घाई नाही त्यांनी हा काळ टाळलेला बरा. एकदा भरलेली फी वर्षभर चालते आणि तेवढ्यात तारीख तीन वेळा बदलता येते, पण फी परत मिळत नाही.

कोल्हापुरात सगळं होतं की पुण्याला जावं लागतं?

कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत आहे. २०१७ मध्ये इथं पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र झालं, तेव्हापासून सर्वसाधारण अर्जदाराला पुणे गाठावं लागत नाही. या केंद्रात कागद तपासले जातात, फोटो आणि ठसे घेतले जातात. पासपोर्ट मंजूर करणं आणि छापणं मात्र पुण्याकडे. त्यामुळं केंद्रातल्या कर्मचाऱ्याला "कधी येणार?" विचारून उपयोग नसतो. फाइल त्यांच्या टेबलावरून पुढं गेलेली असते.

पुण्याचा फेरा पडतो तो गुंतागुंत झाली तरच : अहवाल प्रतिकूल आला, जुना पासपोर्ट सापडत नाही, किंवा कार्यालयानं खुलासा मागितला. त्यासाठीही ऑनलाइन चौकशीची अपॉइंटमेंट मिळते, ती घेऊनच जावं. पहाटेची गाडी पकडून नुसतंच दारात जाऊन उभं राहण्यात दिवस फुकट जातो.

२०१८ पासून देशातल्या कुठल्याही केंद्रात अर्ज करता येतो. पुण्यात राहणारा कोल्हापूरकर तिथं अर्ज करू शकतो, आणि इथं तारीख मिळत नसेल तर इथला माणूस दुसऱ्या जिल्ह्यातलं केंद्र निवडू शकतो. पडताळणी मात्र अर्जात लिहिलेल्या पत्त्यावरच होते.

फी किती?

३६ पानी, दहा वर्षांचा पासपोर्ट १,५०० रुपये. ६० पानी २,०००. अठरा वर्षांखालच्यांचा पाच वर्षांचा १,०००. तत्काळला २,००० जादा. पोलीस क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरी किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी लागणारा दाखला, ५००. आठ वर्षांखालची मुलं आणि साठीच्या पुढची माणसं यांना साध्या नव्या अर्जावर दहा टक्के सूट असते. या पलीकडं कुणी काही मागत असेल तर ते सरकारच्या तिजोरीत जात नाही.

तत्काळमध्ये खरंच तीन दिवसांत मिळतो?

कागद चोख असले आणि मंजुरी मिळाली, तर पोलिसांच्या अहवालाची वाट न बघता तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी पासपोर्ट रवाना करावा, असा दंडक आहे. पडताळणी नंतर होते. ती टळत नाही, आणि नंतरचा अहवाल वाईट आला तर हातातल्या पासपोर्टबद्दलही नोटीस येऊ शकते.

तत्काळसाठी ठरलेल्या यादीतले तीन पुरावे लागतात : आधार, पॅन, मतदार ओळखपत्र वगैरे. तिन्हींवर नाव एकसारखं पाहिजे. इथंच अनेकांचं तत्काळ साध्या गतीवर येतं. ज्याच्या कागदांत फरक आहे, त्यानं जादा पैसे भरण्याआधी आधार दुरुस्त करावं, ते जास्त वेगाचं काम आहे. हरवलेला किंवा पूर्ण खराब झालेला पासपोर्ट, नावातला मोठा बदल, असल्या प्रकरणांना तत्काळचा आग्रह धरू नये.

उशिराचं सगळ्यात मोठं कारण कोणतं?

नाव. आपल्या भागात तर हा प्रश्न जरा जास्तच आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव "बाळासो", आधारवर "बाळासाहेब", पॅनवर "बाळू". रावसो-रावसाहेब, आण्णासो-अण्णासाहेब, दादासो-दादासाहेब. गावात हे सगळे एकच, कुणाला शंका येत नाही. कॉम्प्युटरला मात्र ती तीन वेगळी माणसं दिसतात. शाळेत गुरुजींनी दाखल्यावर सवयीनं लिहिलेलं "सो" चाळीस वर्षांनी पासपोर्टच्या टेबलावर आडवं येतं.

अर्ज भरण्याआधी एक काम करा. आधार, पॅन, दहावीचं सर्टिफिकेट आणि शाळा सोडल्याचा दाखला एका शेजारी एक ठेवा, आणि स्वतःचं व वडिलांचं नाव इंग्रजी अक्षरागणिक मोठ्यानं वाचा. जिथं अडखळाल तिथं पासपोर्ट अधिकारीही अडखळणार. शक्यतो दहावीचं स्पेलिंग प्रमाण धरून बाकीचे कागद त्याला जुळवून घ्यावेत. बोर्डाचं सर्टिफिकेट बदलणं सगळ्यात अवघड, आधार त्या मानानं सोपं. नावात मोठाच बदल असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा लागतो, त्याचे दिवस वेगळे धरा.

दुसरी चूक रकान्यांची. बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी येतं. अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो, आणि स्वतःचं नाव व वडिलांचं नाव एकत्र दुसऱ्या रकान्यात जातं. घाईत लोक आडनाव दोन्हीकडं लिहितात, मग पासपोर्टवर "पाटील" दोनदा येतं. दुरुस्तीला नवा अर्ज, नवी फी, नवे दिवस.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे का?

नाही. माहेरच्या नावानंही पासपोर्ट मिळतो, आणि २०१६ च्या डिसेंबरमधल्या बदलांपासून विवाह नोंदणीचा दाखला सक्तीचा राहिलेला नाही. बदलायचंच असेल तर अर्धवट बदलू नका. आपल्याकडं लग्नानंतर मधलं नावही बदलतं. आधारवर नवऱ्याचं नाव, पॅनवर वडिलांचं आणि बँकेत दोन्ही, अशी खिचडी असेल तर अर्ज हमखास थांबतो. प्रवास महिन्यावर आला असेल तर मी तरी माहेरचंच नाव ठेवून अर्ज करा असं सांगेन, बदलाचं नंतर निवांत बघता येतं.

पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेचं पासबुक चालतं का?

चालतं, पण सरकारी बँक, अनुसूचित खासगी बँक किंवा प्रादेशिक ग्रामीण बँकेचं, फोटो असलेलं आणि खातं चालू असलेलं. सहकारी बँक त्या यादीत नाही. सहकाराच्या या जिल्ह्यात ऊसबिल, दूधबिल, पगार, सगळं जिल्हा बँकेत नाहीतर गावच्या पतसंस्थेत जमा होतं, आणि माणूस विश्वासानं तेच पासबुक घेऊन केंद्रावर येतो. ते परत पाठवतात. लाइट बिल, पाणीपट्टी, गॅस कनेक्शनची कागदपत्रं, मतदार ओळखपत्र, आधार हे चालतं.

भाडेकरूंसाठी : नोटरीसमोर केलेला अकरा महिन्यांचा करार पुरत नाही, नोंदणीकृत लागतो. घरमालक नोंदणीला तयार नसेल तर आधारवरचा पत्ता बदलून घेणं हा त्यातल्या त्यात सरळ मार्ग.

जाता जाता, पासपोर्टच्या जोडपत्रांना स्टॅम्प पेपर आणि नोटरी लागत नाही. साध्या कागदावरचं स्वतःचं निवेदन चालतं. कचेरीबाहेरचे टायपिंगवाले अजूनही नोटरी करायला लावतात, तो खर्च वाचवा.

नोकरी पुण्यात, घर कोल्हापुरात. पत्ता कुठला लिहू?

जिथं पोलिसांना तुम्ही सापडाल तो. आधारवर गडहिंग्लजचं घर, माणूस हिंजवडीत फ्लॅटवर, आणि पडताळणीचा फोन आल्यावर "शनिवारी येतो" म्हणायचं, हा प्रकार सर्रास चालतो. हवालदार घरी जातो, आई भाबडेपणानं सांगते, "तो इथं नसतोय, पुण्याला असतोय." त्यानं तेच लिहिलं तर त्याची चूक काय? अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असा अहवाल पुण्याला जातो आणि फाइल थांबते.

पुण्यात कायमचे राहत असाल, तर तिथला पुरावा तयार करून तिथलाच पत्ता द्या. घरूनच काम करत असाल आणि खरोखर इथं राहत असाल, तर इथला द्या, पण पडताळणी होईपर्यंत हलू नका. दोन्ही दगडांवर पाय ठेवून अर्ज करणाऱ्यांचे महिने वाया जातात.

पोलीस पडताळणी नेमकी कशी होते?

कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत सगळं चालतं. पुण्याहून आलेली विनंती अधीक्षक कार्यालयात येते आणि तिथून तुमच्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडं जाते. ठाण्यात गोपनीयचं काम बघणारा अंमलदार फोन करतो, घरी येतो किंवा कागद घेऊन बोलावतो. आधार, लाइट बिल, जन्मतारखेचा पुरावा, फोटो आणि ओळखीचे दोन जण, एवढी तयारी ठेवा. अर्जात ज्या दोन व्यक्तींची नावं दिलीत त्यांना आधी कल्पना द्या. "कोण? आम्हाला नाही माहीत" असं उत्तर मिळालं की संपलं.

हद्दीचा घोळ शहरात नेहमीचा. शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, जुना राजवाडा ही शहरातली ठाणी, आणि उपनगरात राहणाऱ्याला वाटतं आपण शहरात, पण घर असतं करवीर किंवा गांधीनगरच्या हद्दीत. अर्जात चुकीचं ठाणं निवडलं की कागद तिथं जातो, परत फिरतो, आणि या फेऱ्यात आठवडे जातात. खात्री नसेल तर जवळच्या ठाण्यात जाऊन आपली गल्ली किंवा कॉलनी कुणाकडं येते हे आधीच विचारा.

फोन आला नाही म्हणून हातावर हात धरून बसू नका. पंधरा दिवस उलटले तर फाइल क्रमांक घेऊन ठाण्यात जा. आणि अनोळखी नंबर उचला! बँकेच्या कर्जाचे फोन समजून कट केलेल्या नंबरांत हवालदाराचा नंबर असतो.

गणपती, नवरात्रात पडताळणी थांबते का?

थांबत नाही, रेंगाळते. विसर्जन मिरवणूक, अंबाबाईचं नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, निवडणूक : या काळात तेच अंमलदार बंदोबस्तावर असतात. अशा वेळी रोज ठाण्याच्या पायऱ्या झिजवून कुणाचंच भलं होत नाही.

पडताळणीला पैसे द्यावे लागतात?

नाही. पासपोर्टच्या पडताळणीची कुठलीही फी पोलीस ठाण्यात भरायची नसते. कुणी मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. तरीही बरेच जण न मागता पाकीट पुढं करतात, "लवकर होईल" म्हणून. ते देणं हाही गुन्हाच आहे, आणि त्यानं पुढच्या माणसाकडून अपेक्षा वाढते ती वेगळी.

आंदोलनात माझ्यावर केस झाली होती. पासपोर्ट मिळेल का?

जिल्ह्यात हा प्रश्न कुणालाही पडू शकतो. ऊसदराचं आंदोलन, टोलविरोधी आंदोलन, रास्ता रोको, यांत सरळमार्गी माणसांचीही नावं गुन्ह्यात आली. पुष्कळांना ते आठवतही नाही, पोलिसांच्या नोंदीत मात्र ते राहतं.

गुन्हा दाखल होणं आणि कोर्टात खटला प्रलंबित असणं यांत फरक आहे. नुसती फिर्याद नोंदलेली आहे, कोर्टानं अजून दखल घेतलेली नाही, तर तो प्रलंबित खटला धरला जात नाही. आरोपपत्र जाऊन कोर्टानं दखल घेतली असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ प्रमाणं पासपोर्ट नाकारता येतो. त्यावरही वाट आहे. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार ज्या कोर्टात खटला आहे त्याची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. कोर्टानं मुदत सांगितली नसेल तर तो एका वर्षाचा मिळतो. वकिलाला अर्जात मुदतीचाही उल्लेख करायला सांगा.

"सरकारनं आंदोलनातल्या केसेस मागं घेतल्या" ही पेपरातली बातमी पुरावा म्हणून चालत नाही. खटला मागं घ्यायला कोर्टाची संमती लागते. आपल्या प्रकरणात तसा आदेश झालाय का ते बघा आणि त्याची प्रमाणित प्रत काढून ठेवा. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रतही तशीच.

अर्जातल्या खटल्याच्या प्रश्नाला "नाही" लिहून बघू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. माहिती लपवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळची केस रस्ता अडवल्याची, आणि वर ही नवी.

ऑनलाइन स्थिती पाहिली तर "प्रादेशिक कार्यालयात तपासणीत" असं दिसतं. म्हणजे नाकारला?

नाही. बहुधा पोलिसांचा अहवाल अपुरा किंवा प्रतिकूल आलाय, किंवा नावा-पत्त्याचा जुन्या नोंदीशी मेळ बसत नाही. आधी ठाण्यात जाऊन अहवाल काय गेला ते विचारा. भेट झाली नाही म्हणून अपुरा गेला असेल तर पुनर्पडताळणीची विनंती पासपोर्ट कार्यालयाकडं करता येते. पत्र आलं असेल तर मुदतीत उत्तर द्या. चौकशीसाठी १८००-२५८-१८०० हा टोल फ्री क्रमांक आहे.

पोलीस क्लिअरन्स आणि चारित्र्य पडताळणीचा दाखला एकच का?

एक नाहीत, आणि या गोंधळात लोकांचे आठवडे गेलेत. परदेशात नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा स्थायिक होण्यासाठी जो लागतो तो पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालय देतं, अर्जही पासपोर्ट सेवेच्याच संकेतस्थळावर करायचा. इथल्या कंपनीत, शाळेत किंवा सुरक्षारक्षक म्हणून लागताना मागतात तो चारित्र्य पडताळणीचा दाखला महाराष्ट्र पोलिसांकडून मिळतो, त्याचा ऑनलाइन अर्ज वेगळा. सौदीला निघालेला माणूस दुसराच दाखला घेऊन एजंटाकडं जातो, आणि तो परत पाठवतो.

पर्यटन व्हिसाला पोलीस क्लिअरन्स लागत नाही.

पोलीस क्लिअरन्सला किती दिवस लागतात?

२८ सप्टेंबर २०२२ पासून पोस्ट ऑफिसच्या केंद्रांतही हा अर्ज घेतात. त्याच पत्त्यावर नुकतीच स्वच्छ पडताळणी झालेली असेल तर पटकन मिळू शकतो. नाहीतर पुन्हा पोलीस ठाणं, पुन्हा तीच वाट.

सगळ्यात जास्त अडतं ते पासपोर्टवरचा पत्ता जुना असल्यामुळं. मधल्या काळात घर बदललं, पासपोर्ट तसाच राहिला. तेव्हा आधी पासपोर्टवरचा पत्ता बदलायचा, मग क्लिअरन्स, असा दुहेरी वेळ जातो. परदेशी जायचं मनात असेल तर पत्ता आत्ताच बदलून घ्या, ऑफर लेटरची वाट बघू नका. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची नोंद असते. त्यांना ठरावीक देशांसाठी नोकरीचा करारही दाखवावा लागतो. दहावी पास असाल तर मार्कशीट जोडून ती नोंद टाळा.

हा दाखला फार आधी काढून ठेवूनही उपयोग नाही. बरेच देश सहा महिन्यांच्या आतलाच मागतात. वर ॲपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणन) किंवा दूतावासाचा शिक्का लागत असेल तर त्याचे दिवस हिशोबात धरा.

महापुरात पासपोर्ट भिजला. काय करू?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत अनेक घरांतली कागदपत्रं गाळात गेली. नाव, नंबर आणि फोटो नीट दिसत असेल तर तो अंशतः खराब धरतात, काम सोपं. काहीच वाचता येत नसेल तर खराब पासपोर्ट म्हणून नवा अर्ज, ३६ पानीला ३,००० रुपये. हरवल्यालाही फी तीच, वर पोलीस तक्रार. वाळवून, इस्त्री करून, फेविकॉल लावून तोच घेऊन विमानतळावर जाऊ नका.

लहान मुलांचं काय?

आई-वडिलांपैकी कुणाचा पासपोर्ट चालू असेल तर बहुधा पडताळणी होत नाही, म्हणून आधी मोठ्यांचा काढा. दोघांच्या संमतीचं जोडपत्र डी लागतं. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो सोबत न्या. आणि १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी फक्त जन्मदाखलाच चालतो. "बाळ" एवढंच नाव असलेला दाखला आधी महापालिका किंवा ग्रामपंचायतीत नाव घालून घ्या.

सरकारी नोकर, झेडपीचे शिक्षक?

खात्याला आगाऊ कळवल्याचं पत्र द्या, जोडपत्र एच आहे. आवक शिक्क्याची प्रत जपा. ना हरकत दाखल्यासाठी महिनोन् महिने थांबायची गरज उरलेली नाही.

एजंट धरू का?

फॉर्म भरायला मदत हवी असेल तर नेट कॅफेवाल्याला शे-दोनशे द्या, वाईट काही नाही. पण तो स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल टाकत नाही ना, हे बघा. मग सगळे मेसेज त्याला जातात आणि तुम्ही अंधारात. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी "जीओव्ही डॉट इन" असतं. तशीच दिसणारी बनावट संकेतस्थळं जास्त फी उकळतात. पोलिसांचा अहवाल लवकर आणून देतो म्हणणाऱ्याकडं तुमच्यापेक्षा वेगळा रस्ता कुठलाच नसतो.

पासपोर्ट निघाला, पण घरी पोचला नाही.

स्पीड पोस्टचा नंबर मेसेजमध्ये येतो, त्यावर माग काढा. पोस्टमन पाकीट अर्जदारालाच ओळख पटवून देतो, शेजारी किंवा वॉचमनकडं ठेवत नाही. दार बंद मिळत राहिलं तर ते पुण्याला परत जातं, आणि मग तिथून सोडवून आणायचं. गावाकडं "मु. पो." लिहून नुसतं गावाचं नाव देऊ नका, वाडी, गल्ली, घर नंबर आणि बरोबर पिनकोड लिहा. पाकीट आलं की लगेच फोडा आणि नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता वाचा. छापण्यात चूक झाली असेल तर ती आठवडाभरात कळवलेली बरी, विमानतळावरच्या काउंटरवर नव्हे.